श्रेयांक आपले, विषय कोणाचा?
बालरुग्ण, निरंतर शिक्षण आणि हितसंबंधांची जाहीर नोंद

प्रस्तुत लेख वाचण्यापूर्वी वाचकांनी लेखकाविषयी तीन गोष्टी जाणून घ्याव्यात. ट्रॉम्बे येथील माझ्या दवाखान्यात मी बाळगुटी, बालचातुर्भद्र चूर्ण आणि मुलांची काही सिरपे स्वतः विकतो व त्यावर मला नफा मिळतो. दर पुष्य नक्षत्रास माझ्याकडे सुवर्णप्राशन होते आणि त्याचे थेंब एका फार्मसीकडून मला सवलतीच्या दराने मिळतात. तिसरी गोष्ट अशी की, काही वर्षांपूर्वी एका औषधनिर्मात्याच्या खर्चाने झालेल्या चर्चासत्रात मी व्याख्यान दिले आणि त्याचे मानधन स्वीकारले. ही माहिती लेखाच्या शेवटी बारीक टाइपात न देता आरंभीच देण्याचे कारण एवढेच की, हाच या लेखाचा विषय आहे.

निरंतर शिक्षण ही कल्पना आपल्याला परकी नाही. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात तद्विद्यसंभाषेचे विस्तृत विवेचन केले आहे. समान शास्त्र जाणणाऱ्यांनी एकत्र बसून बोलावे, शंका फेडाव्यात, आपले ज्ञान तपासून घ्यावे, हा त्यामागील हेतू. आधुनिक वैद्यकाने या गोष्टीला तासांचे माप लावले. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत दर पाच वर्षांत किमान ३० तासांचे निरंतर शिक्षण अपेक्षिले आहे. आपल्या क्षेत्रातही श्रेयांकांची भाषा आता चांगलीच रुळली असून, नूतनीकरणाचे वर्ष जवळ आले की आपण सर्वजण प्रमाणपत्रांची फाईल चाळू लागतो. तास मोजले जातात हे योग्यच आहे. त्या तासांत काय शिकवले जावे हे मात्र कोण ठरवतो, याचा विचार आपण फारसा केलेला नाही. मलाही तो एका बालरुग्णाने करावयास लावला.

नोव्हेंबर २०२२ मधील ही गोष्ट. गोवंडी, मानखुर्द, ट्रॉम्बे हा सारा महापालिकेचा एम-पूर्व विभाग. त्या सुमारास येथे गोवराची साथ पसरली होती व तीत बालके दगावली. लसीकरण न झालेल्या वा अर्धवट राहिलेल्या मुलांचे प्रमाण या वस्त्यांत मोठे होते. चिता कॅम्पमधील एक अडीच वर्षांचा मुलगा ताप, खोकला आणि लाल डोळे घेऊन माझ्याकडे आला. मी त्याला प्रतिश्याय-ज्वर समजून औषध दिले. त्याच्या तोंडात गालांच्या आतील बाजूस पाहण्याचे मला सुचले नाही. दोन दिवसांनी कानामागून पुरळ उतरू लागले, तेव्हा रोमान्तिकेचे पाठ्यपुस्तकातील वर्णन आठवले आणि मी त्याला महापालिकेच्या रुग्णालयात पाठविले. मूल बरे झाले. परंतु अशा बालकास ‘अ’ जीवनसत्त्वाच्या दोन मात्रा लागोपाठच्या दोन दिवशी द्यावयाच्या असतात, एक वर्षावरील मुलास प्रत्येक मात्रा दोन लाख एककांची असते, सहा ते अकरा महिन्यांच्या मुलास एक लाखाची, ही माहिती मला नव्हती. संशयित रुग्णाची सूचना कोणत्या अधिकाऱ्यास द्यावयाची, हेही मला विचारावे लागले. दरम्यानचे दोन दिवस ते मूल घरात इतर भावंडांत वावरत होते.

त्या रात्री मी माझी फाईल काढली. मागील पाच वर्षांत अकरा प्रमाणपत्रे जमली होती. संधिवात, केश व त्वचा, मधुमेह, वंध्यत्व आणि बालकांची व्याधिक्षमता. यांतील व्याधिक्षमता हा विषय तीन वेळा. गोवरावर, बालकांच्या अतिसारातील जलक्षयावर, कुपोषणाच्या मोजमापावर किंवा लसीकरणाच्या वेळापत्रकावर एकही नव्हते. कारण शोधण्यास फार लांब जावे लागत नाही. व्याधिक्षमतेवर विकण्याजोगे सिरप असते. मीठ, साखर आणि पाणी यांच्या द्रावणाला किंवा दंडाचा घेर मोजण्याच्या फितीला प्रायोजक मिळत नाही. ज्या विषयामागे माल आहे तो विषय व्यासपीठावर येतो आणि ज्यामागे केवळ मूल आहे तो मागे राहतो. कोणी लबाडी केल्याशिवायच हे घडते, म्हणून ते अधिक काळ लक्षात येत नाही.

माझ्या व्याख्यानाचा प्रकारही तसाच होता. विषय ‘मुलांचे वारंवार होणारे आजार’. उपनगरातील एका हॉटेलात दुपारच्या भोजनासह सत्र, पाच हजार रुपये मानधन आणि नमुन्यांचे एक खोके. पडद्यावर दाखवायची चित्रे निर्मात्याकडूनच तयार होऊन आली होती. मी त्यांत दोन श्लोक घातले आणि ती आपली म्हणून वाचली. आपण विकले गेलो असे मला क्षणभरही वाटले नाही. परंतु पुढील काही महिन्यांत तेच सिरप माझ्या लेखणीतून वारंवार उतरू लागले. एके दिवशी धुणीभांडी करणाऱ्या एका मातेने चिठ्ठी हातात घेऊन विचारले, “डॉक्टरसाहेब, हे नाही घेतलं तर चालेल का? नाहीतर दुधाचे पैसे तोडावे लागतील.” बाटलीची किंमत १८० रुपये होती. मी म्हणालो, “नको घेऊ, चालेल.” त्या उत्तराने मीच विचारात पडलो. न घेता चालणारे औषध मी लिहिले होते कशाकरिता?

आपल्या शास्त्रात आप्तोपदेश हे प्रमाण आहे. रज आणि तम यांपासून मुक्त अशा व्यक्तीचे वचन संशयरहित मानावे, असे तिस्रैषणीय अध्यायात प्रतिपादन आहे. व्यासपीठावरील ज्येष्ठ वैद्याचे बोलणे आपण याच श्रद्धेने टिपून घेतो. म्हणूनच त्या बोलण्यामागे कोणाचा खर्च आहे हे श्रोत्यास ठाऊक असले पाहिजे. हितसंबंध जाहीर करणे म्हणजे अपराधाची कबुली नव्हे. अनेक देशांतील वैद्यकीय परिषदांत वक्ता पहिल्याच चित्रावर आपले आर्थिक संबंध, किंवा ते नसल्यास तसे, सांगतो आणि मग विषयाकडे वळतो. अमेरिकेत २०१० च्या कायद्यान्वये औषध कंपन्यांनी डॉक्टरांना दिलेल्या रकमांची नोंद ठेवणे बंधनकारक झाले आणि सप्टेंबर २०१४ पासून ती माहिती कोणाही नागरिकास पाहता येते.

आपल्याकडे काहीच नाही असेही नाही. बालकांच्या बाबतीत तर भारताने फार पूर्वी कठोर पाऊल उचलले आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. स्तनपानाच्या पुरस्कारासाठी काम करणारे ‘ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया’ हे जाळे डिसेंबर १९९१ मध्ये वर्धा येथे स्थापन झाले. पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, शिशुदुग्धपर्याय, दूध पाजण्याच्या बाटल्या व शिशुआहार यांच्या नियमनाचा कायदा संसदेने संमत केला. या कायद्याखाली फिर्याद दाखल करण्याचा अधिकार काही स्वयंसेवी संस्थांना देण्यात आला आणि मुंबईच्या ‘अकॅश’ या ग्राहकसंस्थेने नव्वदच्या दशकात बलाढ्य कंपन्यांविरुद्ध तो वापरलाही.

या कायद्याचे नववे कलम प्रत्येक सभासदाने वाचावे. २००३ च्या दुरुस्तीनंतर त्याचा आशय असा आहे की, अशा उत्पादनांच्या निर्मात्याने, पुरवठादाराने वा वितरकाने आरोग्यसेवकास किंवा आरोग्यसेवकांच्या संघटनेस कोणताही आर्थिक लाभ देऊ नये. चर्चासत्र, परिषद, अभ्यासक्रम, स्पर्धा, शिष्यवृत्ती, संशोधन यांचे प्रायोजकत्वही त्यात आले. त्याच दुरुस्तीने ‘आरोग्यसेवा व्यवस्था’ या संज्ञेत खाजगी व्यवसाय करणाऱ्यांसोबत औषधालय, औषधांचे दुकान आणि आरोग्यसेवकांची संघटना यांचा स्पष्ट समावेश केला. भंगाबद्दल तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, वा दोन्ही होऊ शकतात. म्हणजे आपण, आपले फार्मसीमालक बंधू आणि आपली संघटना, तिघेही या कायद्याच्या कक्षेत आहोत. फलकावर डबाबंद शिशुआहाराचे नाव लावून सत्र घेणे हा शिष्टाचाराचा नव्हे, कायद्याचा प्रश्न आहे.

मात्र कायद्याची कक्षा दूध, शिशुआहार आणि बाटल्या येथे संपते. गुटी, ग्राइपवॉटर, भूक वाढविणारी सिरपे, सुवर्णप्राशनाचे थेंब हे तीत येत नाहीत. आधुनिक वैद्यकाच्या आचारसंहितेत २००९ मध्ये भेटी व प्रवासखर्च यांना मनाई झाली. त्या संहितेच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये, डॉक्टरांना दिलेल्या भेटींचा खर्च कंपनीस आयकरात वजा करता येणार नाही, असा निर्णय दिला. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या औषधनिर्माण विभागाने विपणनाची समान संहिता जाहीर केली. आपण मात्र अजून या चर्चेकडे शेजारच्या घरातील भांडण म्हणून पाहतो.

सुवर्णप्राशनाचेच उदाहरण घेऊ. काश्यपसंहितेच्या लेहाध्यायात त्याचे वर्णन आहे, हे आपण प्रत्येक शिबिराच्या पत्रकावर छापतो. त्याच अध्यायात लेह कोणास देऊ नये याचीही यादी आहे, ती मात्र छापत नाही. ज्वर, अतिसार, कामला, पांडु, शोथ, अजीर्ण अशा अवस्थांत तो वर्ज्य सांगितला आहे. शिबिरात दोन तासांत दीडशे मुलांची रांग लागते, तेव्हा प्रत्येकाचा अग्नी कोण पाहतो? मी स्वतः पाहिलेला नाही. सहा महिन्यांपर्यंत केवळ स्तनपान हे आजचे धोरण आहे. एक वर्षाच्या आतील शिशूस मधातील बीजाणूंमुळे बोटुलिझमचा धोका संभवतो, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. यावर परंपरेचे म्हणणे काय, मात्रा व वय कसे ठरवावे, यावर कौमारभृत्याच्या जाणकारांची गंभीर चर्चा व्हावयास हवी. ती थेंबांच्या निर्मात्याच्या खर्चाने झाल्यास निष्कर्ष आधीच ठरलेला असेल, आणि तो बरोबर असला तरी त्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. शास्त्राची यात अधिक हानी आहे.

फार्मसीमालकांची बाजू मला ठाऊक आहे. प्रायोजक नसेल तर सभागृहाचे भाडे कोण देणार? लहान फार्मसीने आपले कल्प वैद्यांपर्यंत न्यावेत तरी कसे? नव्या कल्पाची माहिती वैद्यास हवीच असते आणि ती देणे हा निर्मात्याचा रास्त व्यवसाय आहे. स्वतः औषध सिद्ध करून रुग्णास देणे ही तर आपली परंपराच आहे. यांतील काहीही बंद करावे असे मी म्हणत नाही. माहिती आणि शिक्षण ही दोन कामे एकाच तासात, एकाच खर्चात मिसळू नयेत, इतकेच म्हणणे आहे. प्रामाणिक फार्मसीचा यात तोटा नाही. ज्याचा कल्प उत्तम आहे पण हॉटेलातील भोजन परवडत नाही, त्याला उलट समान संधी मिळेल.

आगामी वार्षिक सभेपुढे माझ्या पुढील सूचना आहेत.

१. वर्षभराच्या सत्रांचे विषय संघटनेच्या समितीने आधी ठरवावेत. निधी नंतर शोधावा. त्यांपैकी किमान एक सत्र बालकांच्या अशा विषयावर असावे ज्यात विकण्याजोगे काही नाही: गोवर, जलक्षय, कुपोषण, लसीकरण.

२. फार्मसींकडून येणारी मदत संघटनेच्या सामायिक निधीत जमा व्हावी. कोणत्या सत्रास कोणाचा पैसा हे जोडले जाऊ नये. देणगीदारांची नावे व रकमा या त्रैमासिकात छापाव्यात.

३. प्रत्येक वक्त्याने आरंभी, मराठीत, एका वाक्यात आपले आर्थिक संबंध सांगावेत. चित्रे त्याची स्वतःची असावीत. कल्पांची ओळख करून देणारे सत्र वेगळे घ्यावे व त्यास श्रेयांक देऊ नयेत.

४. या त्रैमासिकातील प्रत्येक लेखाबरोबर लेखकाचे हितसंबंध छापावेत आणि मलपृष्ठावर ज्याची जाहिरात आहे त्याच्या कल्पावरील लेख त्याच अंकात घेऊ नये.

५. दवाखान्यातच औषध देणाऱ्या वैद्याने पालकांस सांगावे की, हे औषध माझ्याकडून घेणे सक्तीचे नाही आणि यात मला नफा आहे.

पाचवी सूचना मी गेल्या वर्षापासून पाळतो आहे. सिरपांची विक्री थोडी घटली. दवाखाना बंद पडला नाही. एका कोळी आजीने तर “आता सांगता, आधी का नाही सांगितलं?” असे विचारले, ते मुकाट्याने ऐकून घेतले.

चौथी सूचना अर्थातच संपादक मंडळास अडचणीची वाटेल, कारण हा अंकही जाहिरातींवरच चालतो. सभेत यावर मतभेद होतील आणि ते व्हावेत. संभाषेचा तोच उपयोग आहे. परंतु पुढील साथ आपल्या गल्लीत येईल तेव्हा ताप आलेले मूल प्रथम मोठ्या रुग्णालयात नव्हे, तुमच्या-माझ्या दवाखान्यात येणार आहे. त्या दिवशी आपल्या फाईलमधील श्रेयांक त्याच्या कामी यावेत, एवढ्यासाठी सभासदांनी या सूचनांचा विचार करावा, ही नम्र विनंती.