ताटभर रवा, अर्धा तास

मैत्रिणींनो, गेल्या श्रावणातली गोष्ट. मी सकाळचे तीन तास शिकवते त्या बालवर्गात आम्ही पोळ्यासाठी मातीचे बैल करायला घेतले होते. मुलं कोपरापर्यंत माखली होती. एक मुलगा मात्र दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभा. "ये ना रे," म्हटलं, तर म्हणाला, "नको बाई. हात घाण होतात. आई ओरडते."

मला त्याच्या आईचा रागच आला. पण त्या संध्याकाळी स्वयंपाक करताना सहज मोजलं, आमच्या साडेतीन वर्षांच्या चिरंजीवांना मी किती वेळा "हात लावू नको" म्हणते ते. पोळ्या होईपर्यंत सतरा वेळा! शेवटी कंटाळून हातात मोबाइल दिला आणि घर कसं शांत झालं. तुमच्याकडेही असंच होतं ना?

पुढे त्या मुलाची आई शाळेत भेटली. म्हणाली, "बाई, दोन खोल्या, पाणी एक दिवसाआड. पसारा कोण आवरणार आणि कपडे कशात धुणार?" तिचंही खरंच होतं. म्हणून आज सांगते ते खेळ दोन खोल्यांत, विकतचं काही न आणता आणि बादलीभर पाणी न सांडता होणारे आहेत.

पण हा खटाटोप करायचा कशाला? अहो, मोबाइलवर आंबा दिसतो, हत्ती दिसतो, पाऊसही दिसतो. बोटाला मात्र लागते ती एकच गुळगुळीत काच. खरखरीत, भुसभुशीत, बुळबुळीत, लिबलिबीत, मऊसूत असे किती शब्द आपल्या भाषेत आहेत! ते पाठ करून येत नाहीत. नारळाच्या शेंडीवरून हात फिरवला की "खरखरीत" कळतं, ओला साबण निसटला की "बुळबुळीत" कळतं.

आपल्याला हे नवं नाही. पूर्वी मुलं धूळपाटीवर बोटाने अक्षरं गिरवत, म्हणून तर "धुळाक्षरे" हा शब्द आला. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं, तेव्हा त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पानं, खडे अशा गावातल्याच वस्तू मुलांच्या हाती दिल्या. आपल्या स्वयंपाकघरात तर त्याहून जास्त आहे!

रव्याची पाटी : जुनी चादर अंथरा. मोठ्या ताटात वाटीभर रवा पसरा. बोटाने रेघा, गोल, चांदण्या काढायच्या आणि ताट हलवलं की पुसलं! पोरं अर्धा अर्धा तास रमतात. नंतर चादर झटकली की आवरलं.

चाचपणीची पिशवी : कापडी पिशवीत चमचा, दोऱ्याचं रीळ, नारळाची शेंडी, कंगवा, कापसाचा बोळा घाला. डोळे मिटून हात घालायचा आणि ओळखायचं. "कसं लागतंय रे?" एवढंच विचारा. शब्द लगेच सांगू नका. त्याला शोधू द्या.

वासांच्या पुरचुंड्या : ओवा, वेलदोडा, लवंग, सुंठ वेगवेगळ्या चिंध्यांत बांधा. नुसत्या वासाने ओळखायचं. तिखट आणि मिरी यात नको.

हळदीची जादू : कागदावर ओल्या हळदीने चित्र काढायला लावा. वरून बोटाने साबणाचं पाणी लावलं की पिवळ्याचं लाल! सदऱ्यावरचा आमटीचा डाग साबण लावताच लाल होतो ना, तेच हे. त्या वेळी जुने कपडे मात्र घाला, हळदीचा डाग हट्टी असतो.

पाण्याचा खेळ : तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी परातीत घ्या. गाळणी, वाट्या, स्पंजचा तुकडा द्या. खेळून झालं की तेच पाणी तुळशीला.

आमच्या सासूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, "अगं, अन्नाशी का कुणी खेळतं?" त्यांचंही चुकीचं नव्हतं. म्हणून मी नियम केला : वाया काही घालवायचं नाही. खेळण्याचा रवा वेगळ्या डब्यात, पुन्हा पुन्हा तोच. पोळ्या करताना चिरंजीवांना कणकेचा लिंबाएवढा गोळा मिळतो. हात धुऊन तो लाटतात. ती वेडीवाकडी पोळी खरपूस भाजली की आता सासूबाईच हौसेने खातात!

चार गोष्टी मात्र विसरू नका. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला वाटाणे, चणे, शेंगदाणे, मणी खेळायला देऊ नका. घशात अडकतात, नाकात-कानात जातात. नाकात दाणा गेलाच तर पिनेने काढायला जाऊ नका, तडक डॉक्टरांकडे न्या. कच्ची कणीक तोंडात घालू देऊ नका. आणि पाण्याजवळ मुलाला क्षणभरही एकटं सोडू नका. बादलीत चार बोटं पाणी असलं तरी लहानग्याला ते धोक्याचं. कुकरची शिट्टी झाली, तर आधी परात उचला आणि मग उठा.

मैत्रिणींनो, रोज जमेलच असं नाही. मलाही जमत नाही. पाहुणे असतात, अंग दुखत असतं, तेव्हा "हात लावू नको" तोंडून जातंच. आठवड्यातून दोनदा अर्धा तास काढला तरी पुरे. तेवढा वेळ "अरे, सांडलं!" म्हणायचं नाही, एवढंच पथ्य.

आणि तो मुलगा? दिवाळीआधी शाळेच्या अंगणात आम्ही किल्ला केला. त्याने मला हळूच विचारलं, "बाई, नंतर हात धुवायला पाणी आहे ना?" मी म्हटलं, "आहे. तांब्याभर तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवलंय." मग त्याने आधी एक बोट मातीत घातलं. थोड्या वेळाने दुसरं. किल्ल्याचा बुरूज पुरा झाला, तेव्हा तो कोपरापर्यंत माखला होता.