सर्वसाधारण सभा किती वाजता?

आमच्या उर्दू शिक्षक संघटनेच्या वार्षिक सभेचे यजमानपद यंदा सोलापूरकडे आले आहे. गेले दोन महिने आम्ही दहा-बारा शिक्षक-शिक्षिका शाळा सुटल्यावर एकत्र बसतो आणि मांडव, पाणी, गाद्या, जेवण यांचा हिशेब करतो. ही कामे पाहुणचाराची समजली जातात. पण आमच्या लक्षात एक गोष्ट आली आहे. संघटनेत मत कोणाचे चालणार, हे बऱ्याच अंशी या गाद्या आणि गाड्याच ठरवतात.

आजवरच्या सभांच्या निमंत्रणपत्रिका आम्ही काढून पाहिल्या. सर्वांचा साचा एकच. सकाळी दहाला उद्घाटन, मग मान्यवरांची मनोगते, सत्कार, जेवण, नमाज, एखादे व्याख्यान आणि सर्वांत शेवटी, चार वाजता, सर्वसाधारण सभा. म्हणजे हिशेब मंजूर करायचा, कार्यकारिणी निवडायची आणि ठराव करायचे ते दिवसाच्या शेपटाला. तोपर्यंत सकाळची भाषणे लांबलेली असतात, चारचे पाच होतात. दिवाळीच्या दिवसांत सोलापुरात सूर्य सहाच्या आत मावळतो. करमाळ्याच्या शिक्षिकेला शंभराहून अधिक किलोमीटर परत जायचे असते. ती साडेतीनलाच पर्स उचलते. सभागृह निम्मे रिकामे होते. गणसंख्या भरली नाही की सभा अर्धा तास तहकूब करायची आणि त्याच जागी गणसंख्येशिवाय चालवायची, अशी सोय बहुतेक संस्थांच्या घटनेत असतेच. मग उरलेले वीस-पंचवीस स्थानिक सभासद हात वर करतात आणि वर्षाचा कारभार ठरतो. यात कोणाचा कट नसतो. वेळापत्रकच तसे असते.

यंदा हे परवडणारे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 1 सप्टेंबर 2025 च्या निकालाने पहिली ते आठवीच्या सेवेतील शिक्षकांपुढे टीईटीचा प्रश्न उभा केला आहे. ज्यांची सेवा पाच वर्षांहून अधिक उरली आहे, त्यांनी दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावे, असे त्यात म्हटले आहे. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांचा मुद्दा मोठ्या खंडपीठाकडे पाठवला आहे. जिल्हा परिषद आणि नगरपालिकेच्या उर्दू शाळांना तो आडोसा नाही. संघटनेच्या शिल्लक पैशातून तालुक्याच्या गावी उर्दूतून तयारीचे वर्ग चालवायचे की तो पैसा न्यायालयीन कामासाठी राखायचा, हे या सभेत ठरायचे आहे. पंचेचाळिशीत पुन्हा परीक्षेला बसण्याची वेळ जिच्यावर आली आहे, ती खेड्यातली शिक्षिका त्या वेळी एस.टी.त बसलेली असेल तर ठराव कसला?

म्हणून पहिला निर्णय आम्ही वेळेचा घेतला. सर्वसाधारण सभा सकाळी साडेदहाला. ती संपल्यावर जेवण आणि जोहरची नमाज. भाषणे आणि सत्कार त्यानंतर. ज्येष्ठ मंडळींना हे रुचले नाही. "उद्घाटनाआधी सभा म्हणजे निकाहाआधी वलीमा," असे एक सर म्हणाले. सगळे हसले, आम्हीही हसलो, पण निर्णय बदलला नाही. सत्कारांचाही हिशेब मांडला. नाव पुकारणे, व्यासपीठावर येणे, शाल, गुलदस्ता, फोटो मिळून तीन मिनिटे जातात. वीस सत्कार म्हणजे पुरा एक तास. यंदा सत्कार फक्त निवृत्त होणाऱ्यांचे.

तारखेचे गणित याहून किचकट निघाले. चंद्राचे महिने दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात, त्यामुळे गेल्या वर्षीची तारीख डोळे झाकून उचलता येत नाही. मे महिन्यातले सोलापूर पाहुण्यांना दाखवण्यासारखे नसते. जानेवारीच्या मध्यावर सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते आणि लॉजमध्ये खोली मिळत नाही. राहिली दिवाळीची सुट्टी. पण उर्दू शाळांत मराठी शिकवणारे आमचे कितीतरी सहकारी हिंदू आहेत. त्यांना भाऊबीजेच्या आत बोलावणे बरे नव्हे. आणि एकादशी जवळ आली की कार्तिकीसाठी एस.टी.च्या गाड्या पंढरपूरकडे वळतात. मग आमच्या पाहुण्यांनी यायचे कसे? भाऊबीज आणि कार्तिकी एकादशी यांच्यामध्ये जेमतेम एक आठवडा मिळतो. त्यातला रविवार आम्ही धरला आहे.

एस.टी.वर आमचा एवढा भर का, तर मार्च 2023 पासून महिलांना एस.टी.चे निम्मे तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या निवृत्त शिक्षकांना प्रवास मोफत. बहुतेक शिक्षिका त्यानेच येणार. म्हणून जागाही स्थानकाजवळची हवी होती. शहराबाहेरच्या एका महाविद्यालयाचे वातानुकूलित सभागृह फुकट मिळत होते. ते आम्ही आभार मानून नाकारले. स्थानकापासून तिथवर रिक्षाला जे पैसे जातात, त्यात निम्म्या तिकिटाची बचत संपते.

त्याऐवजी एक शादीखाना घेतला. चांगले स्वयंपाकघर, वजूची जागा, बायकांसाठी वेगळे दार, सगळे आहे. अडचण एकच, आणि तीच मोठी. शादीखान्यात बायकांचे दालन वेगळे असते. तिथे भिंतीवर कर्णा लावला की व्याख्यान ऐकू येते, पण सभा म्हणजे केवळ ऐकणे नव्हे. कर्ण्यातून आवाज आत जातो, आतला आवाज बाहेर येत नाही. हिशेबातल्या एका आकड्यावर शंका विचारायची तर चिठ्ठी लिहून एखाद्या मुलाच्या हाती पाठवायची. ती अध्यक्षांपर्यंत पोहोचते तेव्हा विषय मंजूर झालेला असतो.

यावर आमच्यात दोन बैठका गेल्या. काही भगिनींना वेगळे दालनच सोयीचे वाटत होते आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. बाळ घेऊन बसायचे, नकाब सैल करायचा, तर मोकळीक लागते. शेवटी असे ठरले: मोठ्या दालनात मधोमध वाट सोडून एका बाजूला भगिनी, दुसऱ्या बाजूला पुरुष; दोन्ही बाजूंना एकेक माईक; प्रश्नांसाठी आळीपाळीने दोन्हीकडे वेळ. आतले दालन विश्रांतीसाठी, दूध पाजण्यासाठी आणि मुलांसाठी. मुलांकडे पाहायला डी.एल.एड.च्या विद्यार्थिनी येणार आहेत. कुरआनात एका सूरहचे नावच 'अश्-शूरा' आहे. मशवऱ्याचे महत्त्व आपण वर्गात शिकवतो, मग स्वतःच्या सभेत निम्म्या सभासदांना भिंतीआड ठेवणे आम्हाला पटले नाही.

स्वच्छतागृहांविषयी सभेच्या बैठकीत बोलायला लोक संकोचतात. आम्ही फळ्यावर गणित मांडले. महिलांसाठी चार. एकीला सरासरी तीन मिनिटे धरली तर पंधरा मिनिटांच्या चहाच्या सुट्टीत चौघींच्या पाच पाळ्या, म्हणजे वीस जणी. येणार आहेत सव्वाशेच्या आसपास. उरलेल्या शंभर जणींनी काय करायचे? पुष्कळ शिक्षिका अशा दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. हे आमच्यातल्या भगिनींनी सांगितले तेव्हा पुरुष सदस्य गप्प झाले. आता पुरुषांची चार स्वच्छतागृहेही त्या दिवशी महिलांकडे, आणि पुरुषांनी दोन मिनिटे चालून शेजारच्या मशिदीत जायचे. सुट्टी अर्ध्या तासाची. आठ जागा, दहा पाळ्या, ऐंशी जणी. पुरेसे नाही, पण सुसह्य आहे.

मग पाणी. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येते, हे बाहेरच्यांना सांगितल्याशिवाय कळत नाही. तोटी सोडून वजू केला तर किती पाणी जाते, हे आम्ही शाळेत खाली बादली ठेवून मोजले. पाच लिटर सहज गेले. बदन्याने एका लिटरात होतो. तीनशे माणसे, दोन वेळचा वजू: तोटीने तीन हजार लिटर, बदन्याने सहाशे. पैगंबर (स.) एका मुद्द पाण्यात वजू करीत, असे हदीसमध्ये आहे, मुद्द म्हणजे आजच्या मापाने पाऊण लिटरच्या आतबाहेर. टँकर सांगितला आहेच, पण तोट्या बंद ठेवून बदने भरून ठेवणार आहोत. कोणी नाराज झाले तर होवोत.

नमाजच्या वेळेतही बारकावे आहेत. दूरचे पाहुणे मुसाफिर, ते कसर करणार. इमाम स्थानिक असला तर त्याच्या मागे त्यांनाही चार रकात पूर्ण कराव्या लागतात. इमाम मुसाफिर असला तर तो दोन रकातींवर सलाम फेरतो आणि स्थानिक आपल्या उरलेल्या दोन पुऱ्या करतात. कोकणातून येणारे शाफई बांधव प्रवासात जोहर आणि असर एकत्र पढू शकतात, त्यांना जोहरनंतर थोडी जागा आणि वेळ लागेल. शिवाय त्यांची असरची वेळ हनफींच्या आधी सुरू होते. म्हणून एका जमातीला बांधून न घेता जागा दुपारभर मोकळी ठेवली आहे.

जेवण दालचा-खाना आणि शाकाहारी पंगत वेगळी, भांडी-डावांसह. यावर वाद झाला नाही, असे दुर्मिळच! वाद झाला तो भोजन समितीवर. यादीत सगळी नावे स्थानिक शिक्षिकांची होती. म्हणजे बाहेरगावच्या भगिनींसाठी सभा सकाळी आणायची आणि आमच्या गावच्या भगिनी त्याच वेळी काकडी चिरत बसणार. ती यादी फाडली. बावर्ची आणि वाढपी बोलावले. खर्च वाढला, तो मोमेंटो रद्द करून भरून काढला.

साडेदहाच्या सभेला पोहोचायचे तर लांबच्या भगिनींना शनिवारी रात्री मुक्काम करावा लागणार. "घरचे सोडतील का?" हा प्रश्न त्या विचारतात आणि तो खोटा नाही. रात्री आपली लेक, सून, बायको कोणत्या पत्त्यावर असेल, हे घरच्यांना ठाऊक असले की निम्मी काळजी मिटते. त्यामुळे प्रत्येक भगिनीला आठ दिवस आधी तिचा मुक्काम कोणत्या शिक्षिकेच्या घरी किंवा कोणत्या वसतिगृहात आहे, सोबत कोण आहे आणि तिथला फोन नंबर कोणता, हे लेखी कळवणार आहोत. शनिवारी संध्याकाळी स्थानकावर दोन शिक्षिका फलक घेऊन उभ्या राहतील, शेवटची गाडी येईपर्यंत.

सर सय्यद अहमद खान यांनी 1886 मध्ये सुरू केलेली शैक्षणिक परिषद अशीच शहरोशहरी फिरत असे. 1903 मध्ये ती मुंबईत न्या. बद्रुद्दीन तय्यबजी यांच्या अध्यक्षतेखाली भरली, 1906 मध्ये ढाक्याला. पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन आमच्या सोलापुरात झाले, 1990 मध्ये. अध्यक्षांची नावे आणि ठराव पुस्तकांत सापडतात. पाणी कोणी भरले, पाहुणे कुठे झोपले, हे शोधू जावे तर हाती फारसे लागत नाही. म्हणून आम्ही एक वही घातली आहे. कोणत्या गोष्टीला किती खर्च आला, काय पुरले, काय उरले, ते तीत रोज लिहितो. पुढच्या वर्षीच्या यजमानांना ती द्यायची आहे.

सभेनंतरचेही एक काम तीत पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, आणि त्याला हजेरीपट व इतिवृत्त जोडावे लागते. हजेरीपटावर सही दारात शिरताना नव्हे, सभा सुरू झाल्यावर जागेवर फिरवून घ्यायची, असे ठरले आहे.

सध्या तीस गाद्या कमी पडत आहेत. सोलापुरातल्या ज्या वाचकांकडे जादा असतील त्यांनी आपल्या भागातल्या उर्दू शाळेत निरोप ठेवावा. न्यायला आणि परत आणून द्यायला आमची मुले येतील, इन्शाअल्लाह.