डोंगरावरचं औंध, गावातलं औंध

औंधला पाहुणे आले की गाडी थेट मूळपीठाच्या डोंगराकडे वळते. यमाईचं दर्शन, मग श्री भवानी संग्रहालय. हेन्री मूरचं 'माता आणि बालक' हे शिल्प आपल्या औंधात आहे म्हटल्यावर मंडळी चकित होतात आणि तासा-दोन तासांत परत फिरतात. खाली गावही बघण्यासारखं आहे, हे त्यांना कोण सांगणार? आपणच ते पाडत सुटलो आहोत!

वर म्हणायचं, "इतिहास डोंगरावर जपलाय की!" मला हे मुळीच मान्य नाही. डोंगरावर आहे तो राजाचा संग्रह. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली ते संग्रहालय उभारलं, हे मोठंच काम. पण १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या, गावपंचायतींच्या हाती दिला, ते त्याहून मोठं. ही गोष्ट काचेच्या कपाटात कशी मावणार? पंचायत गावात बसते, माणसांत बसते.

दुसरं पालुपद, "रेल्वे आली नाही म्हणून औंध मागे पडलं." अहो, रेल्वे होती तिचा उपयोग संस्थानाने करून घेतला. १९१० साली कुंडल रोड स्टेशनाजवळ लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा दिली, तीच किर्लोस्करवाडी. आणि रेल्वे नसलेल्या या औंधात साने गुरुजी शिकले, ग. दि. माडगूळकर शिकले. पंडित सातवळेकरांनी वेदांचं काम इथेच वर्षानुवर्षं केलं. ही माणसं याच गल्ल्यांतून चालली ना?

आता घरचंच सांगतो. आमचा वाडा पाडून गाळे काढायचे ठरलंय, फक्त माझी सही बाकी आहे. पुतण्या म्हणतो, "अण्णा, तुम्ही साताऱ्यात राहता. माळवद गळतं ते आमच्या डोक्यावर." त्याचं खरं आहे. मी तरी काय केलं? तीस वर्षं वर्गात बाबर-अकबर शिकवले, औंधच्या राज्यघटनेवर एक तास घेतला नाही.

म्हणून म्हणतो, दर्शनी भिंत आणि सोपा ठेवा, मागे खुशाल पक्क्या खोल्या बांधा. माळवदाच्या दुरुस्तीला माझ्या पेन्शनीतून पैसे देईन.

सही मात्र मागू नका.