सहा महिन्यांचा हंगाम, सहा महिन्यांची मुदत

साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की बीड जिल्ह्यातील वाड्या आणि तांडे ओस पडू लागतात. बिऱ्हाडासकट माणसे ट्रॉलीत बसवून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे नेली जातात. वाटेत ट्रॉली उलटली किंवा मागून मालमोटार आदळली, तर वृत्तपत्रांत चार ओळी येतात. जखमींचे पुढे काय झाले, हे त्या चार ओळींत कधीच नसते.

पुढे काय व्हावे, हे मोटार वाहन कायद्याने सांगितले आहे. जखमीला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे भरपाई मागता येते. १९८८ च्या मूळ कायद्यात त्यासाठी सहा महिन्यांची मुदत होती आणि सबळ कारण असल्यास ती बारा महिन्यांपर्यंत वाढवता येई. १९९४ साली संसदेने ही मुदतच काढून टाकली. २०१९ च्या दुरुस्तीने ती पुन्हा आणली, १ एप्रिल २०२२ पासून ती लागू झाली, आणि या खेपेस विलंब माफ करण्याची सोयही ठेवली नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन, केवळ मुदत टळली म्हणून दावे फेटाळू नयेत असे बजावले. परंतु अंतरिम आदेश हा तात्पुरता आडोसा असतो; कायद्यातील शब्द त्याने बदलत नाहीत.

हा हिशेब कोणी मांडला असेल त्याने ऊसतोडीचे वेळापत्रक पाहिलेले नाही. नोव्हेंबरात पाय गमावलेल्या मजुराची मुदत मे महिन्यात संपते. तो गावी परततो मार्च-एप्रिलात. मधले महिने रुग्णालयात आणि कोपीत जातात. नवराबायकोचा 'कोयता' मोडलेला असतो, उचल मात्र फिटायची असते. दवाखान्याचा खर्च भागवून फिर्यादच होऊ न देण्याकडे मुकादमाचा कल असला, तर त्या अवस्थेत नकार कोण देणार?

दावा दाखल झाला तरी झगडा संपत नाही. माणसे वाहण्यासाठी ट्रॉली नव्हतीच, असे म्हणून विमा कंपनी अंग काढून घेऊ पाहते. अपंगत्वाच्या दाखल्यावरील टक्क्यांवर तर सारे अडते. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की शरीराचे अपंगत्व आणि कमाईची हानी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हात गेलेला कारकून नोकरीत राहू शकेल. सुताराची कमाई जवळजवळ पूर्णच बुडेल. कोयता चालवणाऱ्याला हेच लागू पडते, पण ते न्यायाधिकरणापुढे कोणीतरी मांडावे लागते. मजुरी जोडीच्या हिशेबाने मिळत असल्याने बाईच्या कमाईचा स्वतंत्र कागद नसतो. फडात दिवसभर मोळ्या वाहणारी बाई दाव्यात 'गृहिणी' म्हणून नोंदली जाते, हा विनोद कोणालाही हसवणारा नाही.

कायद्यात मजुराच्या सोयीच्याही दोन गोष्टी आहेत. अपघात सांगलीत झाला तरी जखमी राहतो त्या बीड जिल्ह्यात दावा करता येतो. शिवाय कलम १५९ प्रमाणे पोलिसांनी तीन महिन्यांत अपघाताचा अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो, आणि कलम १६६ नुसार तो अहवालच भरपाईचा अर्ज मानायचा असतो. हे कलम राबवले गेले तर मुदतीचा फास बराच सैल होईल. परंतु ठाण्यात जाऊन अहवाल पाठवला का, असे विचारणारे माणूस लागते, आणि परक्या जिल्ह्यात खाटेवर पडलेल्या मजुराकडून ती अपेक्षा धरता येत नाही.

हे काम कारखान्यांच्या तालुक्यांतील कार्यकर्त्यांचे आहे. फिर्यादीची प्रत, पंचनामा, रुग्णालयाचे कागद, ट्रॅक्टर आणि ट्रॉली या दोन्हींचे नोंदणी क्रमांक व विम्याचा तपशील, आणि मजुरीच्या हिशेबाच्या वहीत जोडीचे नाव असेल ते पान: एवढे त्याच आठवड्यात गोळा करून बीडच्या सहकाऱ्यांकडे पोचते झाले पाहिजे. मे महिन्यात ती वही सापडत नाही.