जन्म आणि वृत्ति : एका खेळाच्या नियमाविषयीं

खेळाचे नियम क्षुल्लक मानण्याची वडील माणसांस संवय असते. परंतु मुलें ज्या नियमांनीं खेळतात, त्यांवरूनच न्यायाची पहिली कल्पना त्यांच्या मनांत रुजते, असें आम्हांस वाटतें. म्हणून एका परदेशी खेळांतील नियमाचा विचार आम्ही आज वाचकांपुढें मांडीत आहों.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्या दोघांनीं अमेरिकेंत रचिला. तो १९७४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत प्रत्येक खेळणारा अद्भुत कथेंतील एक पात्र होतो. पात्राचा वंश मानव, दीर्घायुषी एल्फ किंवा डोंगर पोखरणारा बुटका ड्वार्फ असा कांहीं असतो. आणि योद्धा, मांत्रिक, पुरोहित अशी एखादी वृत्ति त्यास पत्करावी लागते. आरंभीच्या नियमांप्रमाणें मानवास सर्व वृत्ति मोकळ्या होत्या. ड्वार्फानें मात्र योद्धाच व्हावें, आणि तेंही सहाव्या पायरीपर्यंतच चढावें! १९७८ च्या नियमग्रंथांतही पॅलाडिन नांवाचा धर्मयोद्धा होण्याचा अधिकार मानवासच होता. पात्राचे बळ, बुद्धि इत्यादि गुण फांसे टाकून ३ पासून १८ पर्यंत ठरत. एखाद्या ड्वार्फाच्या पदरीं १८ बुद्धि पडली, तरी मंत्रविद्येचें दार त्यास बंदच.

ह्या नियमाच्या कैवाऱ्यांचें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. ड्वार्फास अंधारांत दिसतें, एल्फास दोन वृत्ति एकदम चालवितां येतात. मग बंधनें नसल्यास मानवाचें पात्र घेणार कोण, असें ते विचारतात. सर्वांस सर्व मोकळें केल्यानें वंशावंशांतील वैचित्र्य नाहींसें होईल, अशीही त्यांस भीति वाटते.

पहिल्या शंकेचें उत्तर अनुभवानेंच दिलें आहे. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तींत हीं बंधनें काढून मानवास निराळ्या सवलती देण्यांत आल्या. त्यामुळें खेळ कांहीं बुडाला नाहीं. दुसऱ्या शंकेविषयीं आम्ही असें म्हणतों कीं, ड्वार्फांच्या राज्यांत मंत्रविद्येचा तिटकारा आहे, अशी कथा खुशाल रचावी. तेथील एखादा पोर मंत्र शिकूं म्हणतो, बाप रागावतो, गांव हंसतें, आणि तरीही तो शिकतो, ह्यांतच कथेची खरी गोडी आहे. नियमानेंच मनाई केली तर ती कथा उपजतच नाहीं.

सर्वच अटी काढाव्या, असें मात्र आमचें मत नाहीं. पॅलाडिनानें सदाचार सोडल्यास पद गमवावें, ही अट रास्त आहे. कारण व्रत पाळणें पात्राच्या हातीं आहे. जन्म कोणाच्याच हातीं नसतो.

कर्णास सूतपुत्र म्हणून हिणविलें, एकलव्यास द्रोणाचार्यांनीं शिष्य केलें नाहीं, ह्या कथा आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेत. त्या वाचून ज्यांचें मन कळवळतें, त्यांनीं फांसे हातीं येतांच द्रोणाचार्यांचाच नियम कां चालवावा? धन्यानें दिलेलें द्रव्य जमिनींत पुरून ठेवणाऱ्या चाकराचा दृष्टांत शुभवर्तमानांत आहे. त्या चाकरानें तें आपखुशीनें पुरलें. जन्मावरून दार बंद करणारा नियम तर दुसऱ्यास तें पुरावयास लावतो.

पालकांसही आमची हीच विनंति आहे. मुलगा किंवा मुलगी कोणती विद्या शिकूं म्हणते, हें ऐकतांना घराण्याच्या धंद्याकडे न पाहतां तिच्या अंगच्या गुणांकडे पहावें.