वैरण, कण्या आणि ओट्स



गेल्या दिवाळीनंतर आमच्या ह्यांची अँजिओप्लास्टी झाली. घरी आलो तेव्हा हातात गोळ्यांची पिशवी आणि आहाराचा एक कागद. त्या कागदावर नाश्त्याच्या रकान्यात एकच शब्द: ओट्स. ह्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "म्हणजे आता मला दावणीलाच बांधा!"

आता ही नुसती चेष्टा नव्हे. आमच्या शिरूरकडे ओट म्हणजे गाईचा चारा. ज्याच्याकडे पाणी आहे आणि गोठ्यात चार गाई आहेत, तो रब्बीत लसूणघासाच्या शेजारी ओट पेरतो. 'केंट' किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं 'फुले हरिता', ही वाणं इथल्या शेतकऱ्याला पाठ. हिरवागार असतानाच कापायचा आणि कुट्टी करून गाईपुढे टाकायचा. त्याचा दाणा माणसं खातात हे ह्यांना पटेना. शिवाय आमच्या पिढीच्या मनात १९७२ सालचा दुष्काळ आहे. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो मिळायची. तिकडे ती जनावरांना घालतात, असं ऐकत ऐकत आम्ही तिच्या भाकरी खाल्ल्या. "तेव्हा उपाशी होतो म्हणून खाल्लं, आता कशाला?" हा ह्यांचा प्रश्न. खरं सांगायचं तर माझ्याकडेही उत्तर नव्हतं.

उत्तर सापडलं ते माहेरी, दौंडला. माझ्या धाकट्या भावाला बरीच वर्षं साखरेचा त्रास. गेल्या भेटीत मोठ्या अभिमानाने म्हणाला, "ताई, मी भाकरी सोडली. सकाळी ओट्स खातो." पाहिलं तर वाडगाभर दूध, दोन चमचे मध, केळं, खजूर आणि त्यात मूठभर ओट्स. संध्याकाळी भूक लागली की तयार मसाल्याचं पाकीट, गरम पाणी ओतून. रक्त तपासलं तर साखर आधीपेक्षा वाढलेली! वहिनी बिचारी म्हणते, "एवढं पथ्य पाळतात तरी असं कसं?"

मंडळी, असं होतं ते आपण धान्याला औषध समजतो म्हणून. नाव वाचलं, पाकीट आणलं, काम झालं! स्वयंपाक मात्र कोणी करायला नको.

ओट्सचा गुण खरा आहे, हे मी वाचून खात्री करून घेतलं. त्यात बीटा-ग्लुकन नावाचा, पाण्यात विरघळणारा चोथा असतो. रोज ३ ग्रॅम पोटात गेला तर वाईट कोलेस्टेरॉल थोडं उतरतं. अमेरिकेच्या अन्न व औषध खात्याने १९९७ साली हृदयविकाराबाबतचा तसा दावा छापायला परवानगी दिली. पण त्या ३ ग्रॅमसाठी साधारण पाऊणशे ग्रॅम कोरडे ओट्स लागतात. मूठभराने भागत नाही. आणि गंमत अशी की आपण ज्याला बुळबुळीत म्हणून नाक मुरडतो, तो बुळबुळीतपणा ह्या बीटा-ग्लुकनचाच!

मग मी ठरवलं, हे दुधात नाहीच करायचं. आई ज्वारीच्या कण्या करायची तसं करायचं. जाड, साधे ओट्स घ्यावेत, झटपट होणारे बारीक नकोत. ते लवकर पचतात आणि साखरही लवकर चढते. एक वाटी ओट्स कढईत कोरडे, खमंग वास येईतो भाजावेत. अर्धी वाटी मुगाची डाळ वेगळी शिजवून घ्यावी. चमचाभर तेलात मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, ठेचलेला लसूण, मिरची. त्यावर कांदा, गाजर, घेवडा, असेल तर मूठभर मेथी. मग डाळ, ओट्स आणि तीन वाट्या उकळतं पाणी. मीठ बेताचं. सात-आठ मिनिटं मंद आचेवर. वरून कोथिंबीर, लिंबू, चमचाभर शेंगदाण्याचा कूट आणि बाजूला ताक. दोघांचं पोटभर जेवण होतं.

ह्यांनी पहिला घास घेतला आणि विचारलं, "कण्या केल्यास का?" मी खोटं बोलले नाही. म्हटलं, "कण्याच, पण वैरणीच्या." खाल्लं मुकाट्याने! भाजणीत निम्मे दळलेले ओट्स घालून थालीपीठंही छान होतात.

पण एक सांगते, रागावू नका. ओट्स आले म्हणून भाकरी हद्दपार करू नका. १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ११ ग्रॅम प्रथिनं आणि जवळजवळ तेवढाच चोथा असतो. कोलेस्टेरॉलच्या बाबतीत ओट्सचं पारडं जड, हे मान्य. पण आपली बाजरी काही टाकाऊ नाही. घोडनदीच्या आणि भीमेच्या काठी पाणी आलं, ऊस आला, आणि बाजरी बांधाबाहेर गेली. भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं, तेव्हा कुठे आम्हाला आमची भाकरी आठवली. परक्या धान्याला नाक मुरडणं जसं चूक, तसंच त्याच्या नावाने भारावून घरचं टाकून देणंही चूक.

आमच्याकडे आता आठवड्यातून चार दिवस ओट्सच्या कण्या आणि बाकीचे दिवस बाजरीची खिचडी किंवा भाकरी. गोळ्या चालू आहेतच; त्या कण्यांनी सुटत नाहीत. भावालाही फोनवर कृती लिहून दिली आहे. मध बंद केला म्हणतो. वहिनीकडून खात्री करून घेईन!

असो. तुमच्या घरी ओट्स कसे करतात? तिखटाचेच सांगा, गोडाचे नकोत.