बोर्ड जळाला, पण पोरानं मोजायचं कुणाकडून शिकायचं?



मी डी.एड. झालेला प्राथमिक शिक्षक, इलेक्ट्रॉनिक्स काही माझा विषय नाही. तरी लिहितोय, कारण माझा एक जुना विद्यार्थी, आता नववीत आहे, परवा रडवेला होऊन घरी आला. प्रदर्शनासाठी त्यानं इंजिनिअरिंगच्या चुलतभावाचा जुना बोर्ड आपल्या ५ व्होल्टच्या बोर्डला थेट वायरनं जोडला. जुना बोर्ड कायमचा बंद! घरच्यांनी सांगितलं, "आता कशाला हात लावू नकोस."

जुन्या बोर्डवर एफपीजीए चिप होती. तिच्या आतलं सर्किट आपण प्रोग्रामनं ठरवतो. अशा बहुतेक चिप चालू करताना पहिलीच्या पाटीसारख्या कोऱ्या असतात. काही ठरावीक पिनांवरून त्या आपला प्रोग्राम वाचून घेतात. या कॉन्फिगरेशन पिना नाजूक असतात. उदाहरणार्थ, स्पार्टन-३ या चिपमध्ये त्या २.५ व्होल्टच्या पुरवठ्यावर चालतात. तिथं थेट ५ व्होल्ट दिले, तर पिनेतून नको तेवढा करंट वाहून चिप खराब होऊ शकते.

आपल्या मोडनिंबकरांना हे सांगणं सोपं आहे. बार्शी लाइटचे रूळ अडीच फुटी, मोठ्या लाइनचे साडेपाच फुटी. कुर्डुवाडीला छोट्या गाडीचा डबा मोठ्या रुळांवर ढकलता येत नव्हता, माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागायचा. दोन व्होल्टेजच्या मध्येही असंच 'कुर्डुवाडी' लागतं.

ते स्वस्तात होतं. १ किलोओहमचे दोन सारखे रेझिस्टर एकापाठोपाठ जोडा. वरचं टोक ५ व्होल्टच्या सिग्नलला, खालचं ग्राउंडला. मधल्या सांध्यावर मिळतात बरोबर निम्मे, म्हणजे २.५ व्होल्ट. दोन्ही बोर्डांचं ग्राउंड मात्र एकत्र हवं. ३.३ व्होल्टची पिन असेल तर वर १ आणि खाली २ किलोओहम. पाचाचे दोन तृतीयांश, सुमारे ३.३.

कुणी म्हणेल, "एवढ्या लहान पोरांना व्होल्ट कशाला?" अहो, निम्मे करणं तर आपणच त्यांना शिकवतो ना? तेच गणित बॅटरीवर, मल्टिमीटर हातात देऊन दाखवलं तर अपूर्णांक डोळ्यांना दिसतो. घरातल्या २३० व्होल्टच्या प्लगपासून मात्र लांबच ठेवा, तिथं प्रयोग नाही म्हणजे नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. किट विकत आणतो, फोटो काढतो, पण "जोडण्याआधी मोज" हा पहिला धडा राहून जातो. चूक मुलाची कमी, आपली जास्त. उद्या तुमच्याकडे काही जळालं, तर "कुणी जाळलं?" असं ओरडू नका. "किती व्होल्ट मोजले होतेस?" असं विचारा. पहिल्या प्रश्नानं पोरगं गप्प बसतं, दुसऱ्यानं ते मल्टिमीटर उचलतं.

आमच्या त्या पठ्ठ्याला मी दोन रेझिस्टर दिलेत. मल्टिमीटरवर २.५ दिसल्यावर तो हसला. घरच्यांनी आता हात लावू द्यावा, एवढीच विनंती.